मधुमालतीची पाठ रस्त्याला

पनवेलच्या मधुमालती सोसायटीच्या इमारतीने सोमवारी पहाटे रस्त्याकडे पाठ केली.

चार मजल्यांची इमारत, रंग उडालेली, लिफ्ट नाही. आदल्या रात्रीपर्यंत तिच्या गॅलऱ्या रस्त्याकडे होत्या आणि न्हाणीघराच्या खिडक्या मागच्या नाल्याकडे. सकाळी बघावं तर सगळं उलट. पुढे सांडपाण्याचे पाइप, पाइपांवर पिंपळाची रोपं, आणि मागच्या दोरीवर वाळत घातलेलं जे काही असतं ते सगळं भर रस्त्यावर. दूधवाल्याने मान वर करून पाहिलं, पिशव्या पाइपाला अडकवल्या आणि पुढच्या सोसायटीला गेला. मीटरची पेटी तेवढी जागची हलली नव्हती. सरकारी आहे ना ती.

जिन्याचं दार आता कंपाउंडच्या मागच्या भिंतीशी उघडत होतं. मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट. तिसऱ्या मजल्यावरच्या पेठ्यांना पोट आत ओढून बाहेर पडावं लागलं, आणि लग्नानंतर त्यांनी ते पहिल्यांदाच ओढलं. बाहेर आल्या आल्या ते म्हणाले, "आम्ही रोड फेसिंग म्हणून जास्त भाव दिला होता. हा फरक कोण देणार?"

इमारत फिरली याचं कुणाला काही वाटलं नाही. न विचारता फिरली, याचं वाटलं.

पहिल्या मजल्यावर हेमलता गुर्जर राहायच्या. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि सोसायटीच्या चेअरमन. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ऊन आलं, जे इतकी वर्षं निजायच्या खोलीत यायचं. त्यांनी त्या उन्हाकडे बघितलं. मग ओट्यावरच्या पितळी किटलीकडे बघितलं. किटली घासूनपुसून लख्ख केलेली होती आणि ती त्यांची नव्हती. त्यांनी तिच्यावर फडकं टाकलं आणि आधण न ठेवताच बाहेर आल्या.

सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत, वकील धारपांना बोलावलं. धारप वकील नुसती सोसायट्यांचीच कामं करायचे. सोसायट्यांची आणि बिल्डरांची. मधुमालतीचे वकील तेच, आणि मधुमालती पाडून नवी बांधायला जो बिल्डर आला होता, त्या दाभाड्यांचेही वकील तेच. यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. उलट काम लवकर होतं म्हणायचे. मागे एकदा त्यांनी दाभाड्यांतर्फे सोसायटीला कडक पत्र लिहिलं, सोसायटीतर्फे स्वतःच त्याला मवाळ उत्तर दिलं, आणि उत्तर वाचून स्वतःच समाधान पावले.

"परवानगी कुणी दिली?" धारपांनी वही उघडून विचारलं.

"कुणीच नाही," सेक्रेटरी सामंत म्हणाले. सामंत म्हणजे गरीब माणूस. आवाजसुद्धा विचारून काढणारे.

"म्हणजे विनापरवाना फेरफार."

"इमारतीला नोटीस काढता येईल का?" पेठ्यांनी विचारलं.

"काढता येईल. बजावायची कशी हा प्रश्न आहे. नोटीस दर्शनी भागावर चिकटवायची असते. आता दर्शनी भाग कोणता?"

सगळे विचारात पडले.

"पत्ता रस्त्याचा आहे," सामंत म्हणाले, "तर रस्त्याकडची बाजू धरावी."

"तिथे आमच्या संडासाचा पाइप येतो," पेठे म्हणाले.

"मग पाइपाला लावू," धारप म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

नोटीस पाइपाला लागली. मुदतीच्या आत पूर्ववत न फिरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल, होणाऱ्या खर्चाची जबाबदारी आपलेवर राहील, असं सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कागद जागेवर होता, पण अक्षरं पाइपाकडे आणि कोरी बाजू बाहेर. धारपांनी नखाने कोपरा खरवडून पाहिला. म्हणाले, "बजावली गेली, वाचली नाही. पक्षकार असंच करतात."

मग बिल्डर दाभाडे स्वतः आले. पांढरी गाडी रस्त्यात उभी करून काच खाली केली आणि गाडीत बसूनच बोलले. "माझ्या करारात मेन रोडला तोंड असलेली इमारत लिहिली आहे. मी पाठ विकत घेतलेली नाही. तोंड इकडे करा, मग सही."

"एक मार्ग आहे," धारप म्हणाले. "सोसायटीने ठराव करायचा, की रस्त्याकडची बाजू हीच पुढची बाजू समजण्यात यावी. ठरावाने पुष्कळ गोष्टी समजता येतात."

कमिटीने ठराव केला. नावाची पाटी गॅलरीखालून काढून पाइपांच्या मधोमध ठोकली. गुर्जर बाईंनी चेअरमन म्हणून नारळ फोडला. त्याच संध्याकाळी पाटी खिळ्यांसकट निघाली आणि पालथी पडली. परत ठोकली, परत पालथी.

"हे समजुतीने मिटणारं नाही," धारप खुर्चीत बसत म्हणाले. "कारण शोधावं लागेल. माझ्याकडे याआधी अशी एक केस होती. ती इमारत तर नवीच होती. तीही फिरलेली."

"कशानं?" सामंतांनी विचारलं.

"लाजेनं."

"मग परत कशी वळली?"

"ज्यांनी जे केलं होतं, ते त्यांनी ज्याच्याशी केलं त्याला तोंडाने सांगितलं. कोर्टात जावंच लागलं नाही. माझं फार नुकसान झालं." धारपांनी चष्मा पुसला. "तर मधुमालतीत रविवारी काय घडलं? सभा होती ना?"

आता हे विचारणारे धारप रविवारी स्वतः त्या सभेत होते. दाभाड्यांच्या बाजूच्या खुर्चीत होते, एवढंच.  पेठे फरशीकडे बघत राहिले, जशी काही फरशी नवीन बसवलीय.

रविवारी काय झालं ते मधुमालतीत सगळ्यांना माहीत होतं. एका म्हात्रे आजींना तेवढं नव्हतं.

आजी तळमजल्यावर, गुर्जर बाईंच्या बरोब्बर खाली. मधुमालती उभी आहे ती जमीन एके काळी आजींची भातखाचरं होती. जुन्या बिल्डरने जमीन घेतली, त्याबदली तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा आजींना दिली, आणि तोंडीच दिली. पुढे सोसायटी झाली, सगळ्यांना शेअर सर्टिफिकेटं वाटली, तेव्हा आजींना सही करायला बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "माझेच जमिनीवर माझा नाव कशाला लिवायचा?" सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. तो जुना बिल्डर आता भिंतीवर हारात आहे.

दाभाड्यांच्या नकाशात आजींची जागा बसत नव्हती. ती वगळली तर बाकीच्या प्रत्येकाला नव्या घरात एक खोली जास्त मिळत होती. पेठ्यांनी त्या खोलीत कपाट कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं होतं. गुर्जर बाईंनी देवघर ठरवलं होतं.

रविवारच्या सभेला आजी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. नेसायला हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. नव्या इमारतीत पाणी कसं येणार हे त्यांना विचारायचं होतं. माणसं पुरेशी जमली नव्हती. सोसायट्यांत रीतच आहे, गणसंख्या भरली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग जेवढे असतील तेवढ्यांत उरकायची. सामंतांनी तसं जाहीर केलं. आजी म्हणाल्या, "अर्धा तास हाय तं मी चा करून आनतंय सगल्यांना." आणि गेल्या.

त्यांची पाठ वळली तशी धारपांनी हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ते घड्याळ कायमचं पुढे असायचं, सगळ्यांना ठाऊक होतं. "वेळ ऑफिसच्या घड्याळाची धरायची," धारप म्हणाले. त्या घड्याळात सभेच्या ठरल्या वेळेपासून अर्धा तास होऊन गेला होता. ज्यांच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही, त्यांचा पुनर्विकासात हक्क धरू नये, असा ठराव पेठ्यांनी मांडला. अनुमोदन कोण देणार म्हणून सामंतांनी मान वर केली. हेमलता गुर्जरांनी हात वर केला.

आजी परत आल्या तोवर सभा संपली होती. त्या किटली घेऊन आल्या, आलं-गवती चहा घातलेला, वाफ येत होती. सगळ्यांनी चहा घेतला. कुणी सांगितलं नाही. पेठे बशीत ओतून प्यायले. चहा फर्मास झाला होता, खोटं कशाला बोला. गुर्जर बाईंनी आपला कप संपवला आणि म्हणाल्या, "आजी, अजून अर्धा कप मिळेल का?"

तो अर्धा कपच त्यांना सलत राहिला. हात वर केला तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं. तो काय, सगळ्यांचंच ठरलं होतं. पण अर्धा कप त्यांना कुणी मागायला सांगितला नव्हता.

त्यात आजी म्हणाल्या, "मी दमलंय, किटली तुझेकडं राहूंदे गो हेमा, उद्या दे." ती किटली बाईंच्या ओट्यावर, आणि उद्या झाला तेव्हा इमारत फिरलेली.

आजींची एक सवय होती. चहा ठेवला की केरसुणीच्या दांड्याने छताला ठोकायच्या. म्हणजे बाईंच्या फरशीखाली टक टक. बाईंनी उतरायचं. वर्षानुवर्षं असं चाललेलं. इमारत फिरली तरी छत तेच आणि फरशी तीच, त्यामुळे टक टक येतच होती. बाई पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या, पंखासुद्धा बंद करायच्या, घरात नाही असं वाटावं म्हणून. आपल्याच घरात चोरासारखं. टक टक थांबली की त्यांना आणखी वाईट वाटायचं.

एकदा फटीतून बाहेर पडताना समोरासमोर सापडल्या. फटीत दोघी आडव्या, ना पुढे जाता येई, ना मागे.

"काय गो, दिसत नाय ती?" आजींनी विचारलं. "चा नको झाला का माझा?"

"पित्त झालंय, आजी."

"त्या दिशी तं मागून घेतलास."

"त्यानंच झालं असेल."

"मना बरा झाला फिरली ती," आजी इमारतीवर हात ठेवून म्हणाल्या, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "दारात नाल्याचा वारा येतंय. बगले बसतान. पन ही अशी तोंड फिरवून कशाला बसली? कुनी काय बोलला का तिला?"

बाईंनी पोट आत ओढलं आणि भिंतीला घासत निघून गेल्या. साडीला चुना लागला. तो दिवसभर झटकला नाही.

त्याच दुपारी त्या धारपांच्या ऑफिसात गेल्या.

"ठराव मागे घ्यायचा असेल तर काय करावं लागतं?"

धारपांनी पेन खाली ठेवलं. "परत सर्वसाधारण सभा. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते मोठ्याने वाचावं लागतं. मग ठराव मागे घेण्याचा प्रस्ताव. ज्यांनी अनुमोदन दिलं होतं त्यांनीच तो मांडलेला बरा."

"आजींना बोलवता येईल?"

"त्या सभासद नाहीत, त्यामुळे बोलवता येत नाही. बसलेल्या असतील तर उठवता येत नाही." मग मान वाकडी करून म्हणाले, "बाई, कायद्याने त्या ठरावात काही खोट नाही बरं का. मी स्वतः बघितलाय. एका बाजूने बघितला, मग दुसऱ्या बाजूने बघितला."

"इमारतीला नाही पटला."

"इमारतीला कायदा कुठे कळतो? ती फक्त सभांना हजर असते."

सभेची नोटीस लागली. ही कुणी वाचली नाही असं झालं नाही, कारण ठरलेल्या संध्याकाळी कुणीच आलं नाही. पेठ्यांच्या घरात दिवे बंद होते आणि आतून खोकल्याचा आवाज येत होता. खाली पाइपांशेजारी खुर्च्या मांडलेल्या, त्यावर सामंत, धारप, गुर्जर बाई. आणि हिरव्या लुगड्यात म्हात्रे आजी.

"गणसंख्या नाही," सामंत हळू आवाजात म्हणाले. "सभा अर्धा तास तहकूब."

आजी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. "चा करून आनतंय."

"बसा, आजी," बाई म्हणाल्या.

"अगो अर्धा तास हाय."

"म्हणूनच बसा. आज कुठे जाऊ नका."

आजी बसल्या. धारपांची नजर सवयीने ऑफिसच्या खिडकीतून आतल्या घड्याळाकडे गेली. बाई उठल्या, आत जाऊन त्यांनी घड्याळ भिंतीवरून काढलं आणि पालथं घालून टेबलावर ठेवलं. मग आपल्या मनगटावरचं, नवऱ्याचं होतं ते घड्याळ, काढून आजींच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही सांगा झाला की."

आजींना घड्याळ वाचता येत नव्हतं. पण त्यांनी ते मुठीत धरलं. अर्धा तास किती मोठा असतो ते बाईंना त्या दिवशी कळलं. इतक्या सभा केल्या, पूर्ण अर्धा तास कुणी बसलंच नव्हतं. रस्त्यावरून माणसं जात होती. पाइपातून कुणाचं तरी पाणी गेलं. नाल्यावरचे बगळे उठून गेले. मशिदीची बांग झाली, देवळाची आरती झाली, तेव्हा आजी म्हणाल्या, "झाला."

सामंतांनी इतिवृत्त वाचायला घेतलं आणि ते पहिल्याच ओळीवर अडखळले. बाईंनी वही हातातून घेतली. वाचली नाही, मिटूनच ठेवली.

"आजी, तुम्ही चहा करायला गेलात ना, तेव्हा आम्ही सभा उरकून घेतली. नव्या इमारतीत तुम्हाला घर द्यायचं नाही असं ठरवलं. पेठ्यांनी मांडलं. मी हात वर केला. मला एक खोली जास्त मिळणार होती. मग तुम्ही आलात आणि आम्ही तुमचा चहा प्यायलो. मी वर आणखी मागून घेतला."

 आजींच्या गजऱ्यातलं एक अबोलीचं फूल लुगड्यावर पडलं, ते त्यांनी उचलून बाजूला ठेवलं.

"तो ठराव मागे घ्यावा असा मी प्रस्ताव मांडते," बाई म्हणाल्या.

"माझं अनुमोदन," सामंत म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता म्हणाले.

"प्रस्तावाच्या बाजूने दोन, विरुद्ध कुणी नाही. तहकूब सभेला एवढे पुरतात. मंजूर," धारपांनी लिहिलं. "आजींचं शेअर सर्टिफिकेट करायला टाकतो. सही लागेल."

"अंगठा देईन," आजी म्हणाल्या. मग बाईंकडे वळून एवढंच म्हणाल्या, "माझी किटली आन."

बाई फटीतून आडव्या होऊन आत गेल्या, जिना चढल्या, फडकं काढून किटली उचलली. उतरल्या तेव्हा फट रुंद झाली होती. सरळ चालत बाहेर येता आलं.

इमारत वळली होती. पण पुरती नाही. जेमतेम दोन हातांपुरती वळली होती, म्हणजे तिरकी उभी. आजींचं दार तेवढं फाटकासमोर आलं होतं, बाकीच्या गॅलऱ्या अजून नाल्याकडेच डोळे लावून.

धारपांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "हे माझ्या आधीच्या केससारखंच आहे," ते म्हणाले. "ज्याचा त्याचा वाटा ज्याने त्याने आणून द्यायचा."

त्यानंतर एकेक जण येऊ लागला. दिवेलागणीला आजींच्या दारात उभं राहायचं, चपलांकडे बघत सांगायचं, की मी पण होतो, आणि जायचं. आजी "बरा" म्हणायच्या. इमारत थोडी सरकायची, कपाटातली भांडी किणकिणायची, मग शांत. पेठे सगळ्यात शेवटी आले. मी बशीत ओतून प्यायलो, एवढंच बोलले. त्या रात्री पुष्कळ सरकली. दाभाड्यांनी नवा नकाशा काढला, त्यात आजींची जागा आहे आणि जास्तीच्या खोल्या नाहीत. त्यांच्यातर्फे धारपांनी नाराजीचं पत्र लिहिलं, सोसायटीतर्फे त्याला उत्तर दिलं.

आता मधुमालती जवळजवळ सरळ उभी आहे. एका कोपऱ्यात किंचित तिरकी राहिलीय, फाटकात उभं राहून नीट पाहिलं तर दिसतं. सामंतांनी एकदा धारपांना भीत भीत विचारलं, की राहिलेला वाटा कुणाचा असावा. धारप म्हणाले की आपण सभासद नाही, त्यामुळे आपला वाटा धरता येत नाही. मग पाटीच त्या अंशाने तिरकी लावून घेतली. पोस्टमनला सवय झाली.

आजी अजून छताला ठोकतात. टक टक झाली की गुर्जर बाई लगेच उतरतात. चहा तसाच असतो, आलं आणि गवती चहा घातलेला. आजी आपला कप काठोकाठ भरतात, मग बाईंचा भरतात.

अर्धा. बाई तेवढाच पितात आणि कप धुऊन पालथा घालतात.